गाण्याला गाणे जोडावे की सुटे वाजवावे?

तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे घरोघर 'यंदा कर्तव्य आहे' हे बोलणे सुरू होते. सोयरीक जुळते, सुपारी फुटते, बस्ता बांधला जातो, आचारी आणि मंडपवाला ठरतो. मग घरातला तरणा मुलगा हळूच विचारतो, "डीजे कोणाचा सांगायचा?" यावर घरातले वडीलधारे बहुधा दोनच उत्तरे देतात. एक, "डीजेबिजे काही नको." दुसरे, "तुमचे तुम्ही बघा." पहिले उत्तर चार दिवस टिकते आणि शेवटी दुसऱ्यावरच येऊन थांबते. डीजेवाल्याला इसार दिला जातो. पण तो नेमके काय वाजवणार, कसे वाजवणार, कुठे थांबणार, हे कोणी विचारीत नाही. बैल घेताना दात पाहणारे, चालवून पाहणारे आपण. इथे मात्र पेट्या किती आणि बेस किती एवढे विचारून मोकळे होतो.

वाचकहो, आज मी आवाजाच्या मोठेपणाविषयी फारसे बोलणार नाही. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढे ओघात दोन शब्द येतीलच. आज बोलायचे आहे ते गाण्याला गाणे जोडण्याविषयी. हल्लीचा डीजेवाला गाणे संपू देत नाही. पहिल्याचा ठेका चालू असतानाच दुसऱ्याचा ठेका त्याच्यावर नेमका बसवतो, काही क्षण दोन्ही बरोबर चालवतो आणि मग पहिले अलगद काढून घेतो. नाचणाऱ्याच्या पायाला कळतही नाही की गाणे बदलले. याला बीटमिक्सिंग म्हणतात. पोरांच्या भाषेत 'मिक्स मारणे'. लग्नाकार्यात हे करावे की गाणी सुटी सुटी, पुरी पुरी वाजवावीत, असा हा वाद आहे. वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. पण लग्न वेळेवर लागते की नाही, हळदीत बायकांना गाता येते की नाही आणि म्हाताऱ्या माणसांना आपल्याच नातवाच्या लग्नात बसवते की नाही, हे बऱ्याच अंशी यावर अवलंबून आहे, असे माझे मत झाले आहे.

ही विद्या आली कोठून, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी १९७० च्या आसपास फ्रान्सिस ग्रासो नावाचा एक तबकड्या वाजवणारा होता. दोन तबकड्यांचे ठेके एकमेकांवर बसवून नाच अखंड चालू ठेवण्याची रीत त्याने रूढ केली, असे मानतात. पुढे ११ ऑगस्ट १९७३ रोजी त्याच शहरातल्या ब्राँक्स भागात कूल हर्क या तरुणाने, बहिणीने भरवलेल्या एका मेळाव्यात, एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन मधला नुसत्या वाद्यांचा तुकडा लांबवत नेला. हिपहॉप संगीताचा जन्म त्या दिवसापासून मोजतात. जपानच्या टेक्निक्स यंत्राच्या १९७९ सालच्या नमुन्यात तबकडीचा वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करण्याची सरकपट्टी आली आणि जोडणी सोपी झाली. आता तर संगणकावर एक बटण दाबले की यंत्रच ठेके जुळवून देते.

हे सांगण्याचे कारण असे की ही कला नाचघरात जन्मली. तिथे येणारा माणूस पैसे मोजून नाचायलाच येत असे. तिथे आजी नव्हती, कडेवरचे लेकरू नव्हते, मुहूर्त नव्हता, पंगत नव्हती. आपण ती उचलून थेट मारुतीच्या पारापुढे आणून ठेवली.

पण म्हणून ती परकी आहे, आपल्या रक्तात नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. भजनाला बसणाऱ्यांनी आठवून पाहावे. अभंगाची चाल बदलते, संथ चालीवरून चढत्या चालीवर जातात, पण पखवाज थांबत नाही. टाळकऱ्यांच्या पायांतली लय तुटत नाही. हे जोडणेच झाले. गोंधळी आख्यान सांगताना संबळ हळू ठेवतो आणि गाण्यावर आला की चढवतो. मधे तार तुटू देत नाही. बँडवाले तर पूर्वीपासून एका दमात तीन-चार चित्रपटगीतांच्या ओळी जोडत आले आहेत. तेव्हा तरणी पोरे जेव्हा म्हणतात की गाणे थांबले की रंगाचा बेरंग होतो, तेव्हा ती अगदीच खोटे बोलत नाहीत. नाचाला चढलेला रंग दोन गाण्यांच्या मधल्या मुकाट्याने उतरतो, हे खरे आहे.

मग बिघडते कुठे? भजन असो की गोंधळ, तिथे जोडणारा माणूस असतो आणि माणूस दमतो.

हलगीवाल्याचे पाहा. हलगीचे कातडे वाजवून वाजवून, किंवा हवेतल्या ओलीने, सैल पडते. मग ताफा थांबतो, रस्त्याच्या कडेला काटक्या-चिपाडांचा जाळ होतो, हलगी शेकली जाते आणि कातडे ताणून टणटणीत झाले की पुन्हा वाजवणे सुरू. सनईवाल्याचा श्वास असतो, बँडवाल्याच्या गालांनाही विसावा लागतो. या थांबण्याला आपण कधी महत्त्व दिले नाही. पण सारी मिरवणूक त्यावरच चालत असे. हलगी शेकेपर्यंत नवरदेवाचा घोडा वीस पावले पुढे जाई. मामा ओरडून सांगत, "चला रे, मुहूर्त जवळ आला." नाचणारी पोरे पाणी पीत. ज्याला नाचातून बाहेर पडायचे त्याला लाज न वाटता बाहेर पडता येई आणि कडेला उभ्या असलेल्या चुलत्याला चार पावले टाकायला आत शिरता येई. हे सगळे त्या पाच मिनिटांत होई.

पेनड्राइव्हला शेकावे लागत नाही. डीजेवाला गाण्याला गाणे जोडत राहतो आणि गाणे कधी संपतच नाही. संपत नाही म्हणून नाच थांबत नाही, आणि नाच थांबत नाही म्हणून मिरवणूक पुढे सरकत नाही. केज तालुक्यातल्या एका लग्नात मी हे घड्याळ लावून पाहिले. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला, आपण ज्याला परण्या म्हणतो तो. देऊळ ते मांडव अंतर असेल दोन शेताएवढे. मुहूर्त साडेबाराच्या सुमाराचा होता. अक्षता पडल्या तेव्हा तीन वाजायला आले होते. मे महिन्याचे ऊन, मांडवात पाच-सहाशे माणूस, लेकरे रडून झोपलेली, आणि मुलीचा बाप हातात अक्षतांचे ताट घेऊन वाट पाहत उभा. त्याला रागावता येत नव्हते, मुलीकडचा ना! मी डीजेवाल्याच्या गाडीजवळ जाऊन पाहिले. त्या दोन तासांत त्याने एकदाही आवाज पूर्ण बंद केला नव्हता. त्यात त्याचाही फारसा दोष म्हणता येणार नाही, कारण त्याला कोणी थांब म्हणून सांगितलेच नव्हते. आणि सांगितले असते तरी त्या आवाजात ते ऐकू गेले नसते.

आपल्या बीड जिल्ह्याला हे जास्त लागते. इथली लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलात परततात. त्यामुळे या घरांतली लग्ने ऐन उन्हाळ्यातच धरावी लागतात. बापाने उचल घेऊन लग्न काढलेले असते, पुढच्या हंगामाचा ऊस अजून तोडणीला आलेला नसतो. अशा लग्नात दोन तास उशीर म्हणजे अन्न आंबणे, पाण्याचा टँकर पुन्हा सांगणे आणि वऱ्हाडाच्या गाडीचे थांबण्याचे भाडे. हे पैसे डीजेच्या हिशेबात कोणी धरीत नाही.

आता जोडणी चांगली कोणती आणि वाईट कोणती, ते ओळखायला शिकू. माझे शिक्षण शेतीचे, गाण्याचे नव्हे. पण जोडणी म्हटली की मला सीताफळाचे कलम आठवते. आपल्या बालाघाटच्या डोंगरातले सीताफळ. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याचे कलम बांधताना खुंट आणि काडी सारख्या जाडीची घ्यावी लागते आणि सालीखालचा हिरवा ओला थर एकमेकांना लागावा लागतो. वरून पट्टी कितीही घट्ट बांधली आणि आतला थर लागला नाही, तर आठ दिवसांत काडी वाळते. गाण्यातला हा ओला थर म्हणजे लय. ती जुळत नसेल तर यंत्राने कितीही आवळून बांधा, कलम धरत नाही.

लय मोजायला यंत्र लागत नाही. मनगटी घड्याळ घ्या. गाणे चालू असताना, ज्यावर पाय पडतो ते ठोके पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. तीस ठोके आले तर मिनिटाला १२० झाले, चोवीस आले तर ९६. आता समजा ९६ चे गाणे १२० च्या गाण्याला जोडायचे आहे. म्हणजे त्याचा वेग सव्वापट करायचा. जुन्या तबकडीवर असे केले तर गाणाऱ्याचा सूर षड्जावरून थेट गंधारावर चढेल; लताबाईंचा आवाज चिमण्या पोरीसारखा होईल आणि पुरुषाचा आवाज ओळखू येणार नाही. आताच्या संगणकात वेग वाढवूनही सूर जागेवर ठेवण्याची सोय आहे. पण तीही काही टक्क्यांपुरतीच शोभते. फार ताणले की शब्द तुटक होतात, सनई कापरी वाजते. म्हणून जाणता डीजेवाला आधीच गाण्यांचे लयीप्रमाणे गट करून ठेवतो, ९० ते ९६ ची एका ठिकाणी, १२० च्या आसपासची दुसऱ्या ठिकाणी, आणि गटातल्या गटात जोडतो. एका गटातून दुसऱ्यात जाताना तो सरळ थांबतो, दोन शब्द बोलतो आणि नव्याने सुरुवात करतो. नवशिका मात्र ओढून-ताणून सगळे एकाच वेगाला आणतो. तासाभराने सारी गाणी एकच वाटू लागतात, ती त्यामुळे.

दुसरी अडचण ठेक्याची. आपली नाचाची बरीच गाणी केरव्यात, म्हणजे आठ मात्रांत बांधलेली असतात. पण दादऱ्यात, सहा मात्रांच्या झुलत्या ठेक्यात बांधलेलीही थोडी नाहीत. कितीतरी कोळीगीते तशी आहेत. आठाची तिफण आणि सहाची तिफण एका तासात कशी चालवायची? वेग तोच ठेवला तरी पाऊल चुकते. विदेशी बनावटीचा मिक्सर सगळ्या गाण्यांत चारचार ठोकेच धरून चालतो, म्हणून बटण दाबून दादरा जोडला की घोटाळा होतो. नाचणारी माणसे एकदम थबकतात, एकमेकांकडे पाहतात. त्यांना कारण कळत नाही, पण पायांना कळते.

तिसरी गोष्ट जुन्या चित्रपटगीतांची. पन्नास-साठ सालांतली गाणी सारे वादक एकत्र बसून, हाताने वाजवून ध्वनिमुद्रित झालेली आहेत. अंतऱ्याला लय जराशी पुढे सरते, मुखड्यावर परत येते. त्या गाण्यांची गोडी थोडी तिथेच आहे. यंत्राला ही चढउतार खपत नाही. ते मोजपट्टी लावून ठोके सरळ करू पाहते. १९८०-९० च्या दशकांत जुन्या गाण्यांवर वरून ठेका चढवलेल्या 'झंकार बीट्स'च्या कॅसेटी निघाल्या होत्या, त्या एसटी स्टँडवर आणि ट्रकमध्ये आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. कुणाला आवडल्या, कुणाला नाही. मला विचाराल तर मूळ तबल्यावर प्लास्टिकची बादली वाजवल्यासारखे वाटे. असो.

एवढे सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, म्हणजे डीजेवाला नुसता बटणे दाबणारा नव्हे तर. नव्हेच. ज्याला खरोखर जमते त्याला कान आहे, स्मरण आहे आणि समोरच्या गर्दीची नाडी कळते. आपल्याच गावातली ही मुले आहेत. कर्जाने पेट्या घेतात, पिकअपचा हप्ता भरतात आणि चातुर्मासात लग्ने बंद असली की गणपती-जयंत्यांवर दिवस काढतात. त्यांना शिव्या देऊन काम होणार नाही. २०२५ साली शेजारच्या अहिल्यानगरात मराठा समाजाच्या मंडळींनी लग्नासाठी आचारसंहिता ठरवली. तीत डीजेऐवजी पारंपरिक वाद्ये असावीत असे एक कलम आहे. विचार चांगला आहे. पण ठराव करणे वेगळे आणि भावकीतल्या पंचवीस पोरांना आवरणे वेगळे. म्हणून ज्यांच्या घरी डीजे येणारच आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे.

माझे मत असे. रात्रीच्या वरातीत, जिथे नाचायला म्हणूनच माणसे जमली आहेत, तिथे गाणी खुशाल जोडावीत. 'सैराट'मधले 'झिंगाट' २०१६ साली आले तेव्हापासून ते वाजल्यावाचून आपल्याकडे वरात पुरी होत नाही. ते सुटे वाजवले काय आणि जोडून वाजवले काय, नाचणारा नाचणारच. फक्त मुखडा ऐकवून पुढे पळू नये. हल्ली एका गाण्याला मिनिट-दीड मिनिट देतात. गाण्याची ओळख पटून माणूस उठेपर्यंत दुसरे सुरू होते. तरण्यांचे चालते, पण पन्नाशीच्या माणसाला गुडघे सरळ करून उभे राहायलाच एक मुखडा लागतो! निदान एक अंतरा होऊ द्यावा. आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पूर्ण थांबावे, आवाज कमी करून नव्हे, बंद करून. हलगी शेकायला जेवढा वेळ लागतो तेवढा.

परण्याला जोडणी नकोच. तिथे गाणे संपले पाहिजे, म्हणजे पुढे चालता येते. खरे तर परण्याला हलगी-सनईच असावी. आपल्या पंचक्रोशीत हलगीचे ताफे अजून आहेत. गंमत अशी की डीजेवाल्याच्या पेनड्राइव्हमध्ये सर्वांत जास्त गाजणारा ठेका हलगीचाच असतो, आणि प्रत्यक्ष हलगीवाला गावात सुपारीची वाट पाहत बसलेला असतो. दिवसा ताफा आणि रात्री डीजे अशी वाटणी केली तर दोघांच्याही चुली पेटतील आणि मुहूर्तही गाठेल. काही घरांनी हे करून पाहिले आहे. पोरांनी थोडी कुरकुर केली, पण ताफ्यापुढे नाचताना तीच पोरे पुढे होती.

हळदीविषयी मात्र माझे मत कडक आहे. हळद हा बायकांचा कार्यक्रम. घाणा भरताना, हळद लावताना म्हणायची गाणी आणि ओव्या या आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांभाळल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत आपल्या माजलगावच्या बायकांनी गायिलेल्या ओव्याही आहेत. ज्या ओव्या टिपून घ्यायला शहरातली माणसे एवढ्या लांब येतात, त्या म्हणणारी आजी आपल्याच ओसरीवर बसलेली असते आणि अंगणात डीजे धडधडत असतो. ओवीची रीत अशी की एकीने ओळ सोडायची, जरा थांबायचे, मग दुसरीने उचलायची. ती थांबण्याची जागा हीच तिची लय. तिच्यावर कुठलाच ठेका बसवता येत नाही आणि बसवूही नये. पाटोद्याकडच्या एका घरी हळदीच्या वेळी ऐनवेळी जनरेटर बंद पडला. पाऊण तास काही वाजेना. पोरे हिरमुसली. तेवढ्यात आतून एका म्हातारीने ओवी उचलली, दुसरीने साथ दिली आणि नवरीच्या मैत्रिणी मोबाइल बाजूला ठेवून ऐकत बसल्या. जनरेटर दुरुस्त झाल्यावर नवरीनेच सांगितले की थोडा वेळ राहू द्या. ही गोष्ट मला त्या घरच्यांनी सांगितली, आणि ती सांगताना नवरीच्या आईचे डोळे भरून आले होते.

तसेच मंगलाष्टकांचे. काही ठिकाणी मंगलाष्टकांच्या मागे ठेका सोडतात आणि 'सावधान' म्हटले की धडाका उडवून देतात. तेवढे तरी नको. पंगतीच्या वेळी गाणी हळू, सुटी आणि जुनी असावीत. पंगतीत माणूस शेजाऱ्याशी बोलतो. सोयरिकी तिथेच जुळतात.

कायद्याचे थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाजवण्यास बंदी आहे. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. दुसरे, गाण्याच्या हक्कांबद्दल पैसे मागायला कोणी आले तर घाबरू नका. लग्न, लग्नाची वरात आणि लग्नानिमित्तचे समारंभ यांत गाणी वाजवणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे हक्कभंग होत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केले आहे. गाणी जोडून वाजवली तरी समारंभापुरते तेच. ती जोडलेली गाणी पुढे विकायची किंवा मोबाइलवर प्रसिद्ध करायची, तर मात्र वेगळी बाब.

कानाचा हिशेबही ठेवा. कामगारांसाठी अमेरिकेत सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे. मधे पूर्ण थांबा असला तर कानाला थोडी उसंत मिळते. अखंड जोडणीत तीही मिळत नाही. माणसांचे झाले, आता गोठ्याकडे पाहा. दुभती गाय-म्हैस घाबरली की पान्हा चोरते, कारण भीतीने अंगात जो रस सुटतो तो पान्हा सोडणाऱ्या रसाला अडवतो. कोंबड्यांच्या शेडमध्ये तर घाबरलेली पाखरे एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. तेव्हा वरातीचा मार्ग ठरवताना कोणाचा गोठा, कोणाची शेड वाटेत आहे ते पाहा आणि त्या घरी आधी जाऊन सांगून या.

आता डीजेवाल्याला इसार देण्याआधी काय करावे? त्याच्या पेट्या मोजू नका. त्याला समोर बसवा आणि दोन गाणी सांगा, एक केरव्यातले आणि एक दादऱ्यातले. ही दोन जोडून दाखव म्हणा. जो लगेच बटण दाबतो त्याला जरा जपून. जो म्हणतो की काका, ही जुळत नाहीत, मधे थांबावे लागेल, त्याला सुपारी द्या. मग त्याला विचारा, समोर पोरे नाचत नसतील तर काय करतोस? आवाज वाढवतो म्हणाला तर दुसरा पाहा. गाणे बदलतो म्हणाला तर ठीक.

मग घरातल्या माणसांची गाणी लिहून काढा. नवऱ्या मुलाची, नवरीची, दोन्हीकडच्या आयांची, आत्याची, आजोबांची. प्रत्येकी एक. ही गाणी पुरी वाजायची, जोडायची नाहीत, आणि वाजण्याआधी कोणासाठी ते नाव घेऊन सांगायचे. आजोबांचे गाणे साडेतीन मिनिटांचे असते. तेवढ्याने कोणाचा रंग बिघडत नाही. परण्या किती वाजता निघणार आणि मांडवात किती वाजता पोचणार, ते त्याच कागदावर लिहा. थांबण्याच्या जागाही लिहा, पार, चावडी, शाळा, आणि प्रत्येक जागी आवाज बंद. गाडीवर पेट्या रचल्यावर उंची किती होते ते विचारून वाटेतल्या विजेच्या तारा पाहून ठेवा. तार खाली आली असेल तर आठवडाभर आधी वायरमनला सांगा. आवाज बंद करण्याची खूण कोण करणार, ते एकच माणूस ठरवा. नवरदेवाचा मामा बरा. त्याचे पोरे ऐकतात. हात वर झाला की बंद, एवढे डीजेवाल्याकडून कबूल करून घ्या. कागदाच्या दोन प्रती काढा, एक डीजेवाल्याच्या गाडीत आणि एक मामाच्या खिशात.